अमृतस्नानाआधी मोटरीखालचा अ‍ॅनोड तपासा : नाशिकच्या बोटी सांभाळणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, नाशिक,
महापालिकेचा अग्निशमन विभाग,
आणि गंगापूर धरणापासून चांदोरी-सायखेड्यापर्यंत मोटरबोट चालवणारे सगळे.

विषय : ओबीएमचे (बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या आउटबोर्ड मोटरचे) अ‍ॅनोड गोड्या पाण्याचे घ्यावेत आणि त्यांची नोंद ठेवावी.

स. न. वि. वि.

31 ऑक्टोबर 2026 ला सिंहस्थाचे ध्वजारोहण आहे. 2027 मध्ये 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट आणि 11 सप्टेंबर अशी तीन अमृतस्नाने आहेत. त्याआधी बोटी विकत घेतल्या जातील, भाड्याने येतील, दुसऱ्या जिल्ह्यांतून मागवल्या जातील. अशा खरेदीच्या कागदांत मोटरची अश्वशक्ती, वजन, शाफ्टची लांबी, लाइफ जॅकेटचा रंगसुद्धा असतो. मोटरीच्या पायाशी बोल्टने बसवलेला राखाडी धातूचा तुकडा, म्हणजे अ‍ॅनोड, कोणत्या धातूचा असावा, हे मात्र सहसा कुणी लिहीत नाही. मग येतो तो बहुतेक समुद्राच्या हिशेबाने आलेला असतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे : नाशिकच्या पाण्यात जस्ताचा अ‍ॅनोड चालत नाही, आणि हे आता, निविदा लिहितानाच, दुरुस्त करता येते.

कारण समजून घेतले तर बाकीचे आपोआप जुळते. आउटबोर्ड मोटरीचा पाण्यात बुडणारा भाग म्हणजे गिअरकेस. तो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, तर त्यातून बाहेर येणारा प्रोपेलरचा शाफ्ट आणि बरेचसे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि भोवती पाणी, म्हणजे बॅटरीसारखा एक लहानसा सेल तयार झाला. त्यात ॲल्युमिनियम झिजते आणि स्टेनलेस वाचते. अ‍ॅनोड हा या दोघांहून जास्त झिजायला तयार असलेला तिसरा धातू. तो स्वतः विरघळतो आणि गिअरकेसला वाचवतो. घरच्या स्टोरेज गिझरच्या टाकीत मॅग्नेशियमचा दांडा असतो, तो याच कामासाठी. नाशिकमधल्या ज्यांच्याकडे बोअरचे पाणी आहे, त्यांनी तो दोन-तीन वर्षांत काडीएवढा झालेला पाहिलाही असेल.

आता जस्ताचे. समुद्राच्या पाण्यात, सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ सेलशी (व्होल्टची तुलना ज्याच्याशी करतात त्या ठरावीक सेलशी) मोजले तर मोटरचे ॲल्युमिनियम साधारण उणे 0.75 व्होल्टच्या आसपास असते. जस्त उणे 1.03, अ‍ॅनोडसाठी केलेले ॲल्युमिनियम-जस्त-इंडियम मिश्रण उणे 1.10 आणि मॅग्नेशियम उणे 1.5 च्या घरात. म्हणजे जस्ताचा प्रवाह ढकलण्याचा जोर जेमतेम पाव व्होल्टचा. समुद्रात तो पुरतो, कारण खाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता दर सेंटिमीटरला सुमारे 50,000 मायक्रोसीमेन्स असते. धरणाच्या गोड्या पाण्याची काही शेच असते. वाट शंभरपटीने अवघड झाली की पाव व्होल्टचे काही चालत नाही. शिवाय गोड्या पाण्यात जस्तावर हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेटचा कडक पांढरट थर बसतो आणि काही महिन्यांत अ‍ॅनोड त्या थराखाली झोपून जातो. बाहेरून तो जाडजूड, न झिजलेला दिसतो. पाहणारा म्हणतो, ‘अजून नवाच आहे’. तेव्हा गिअरकेस झिजायला लागलेली असते.

मग नाशिकला काय लावावे? गंगापूर, काश्यपी, मुकणे यांसारख्या धरणांच्या पाण्यात मॅग्नेशियम. शहरातल्या गोदावरीसाठी उत्तर इतके सरळ नाही, कारण रामकुंडापासून खाली तपोवनाकडे जाताना पाण्यात काय काय मिसळते हे या पत्राच्या वाचकांना सांगायला नको. पाणी गोडेच असते, पण त्यातले क्षार ऋतूगणिक, आवर्तनागणिक बदलतात. मोजण्याचे साधन अगदी साधे आहे : आरओ बसवणारे वापरतात तो खिशातला टीडीएस मीटर, पाण्यात विरघळलेले क्षार पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) दाखवणारा. बोट जिथे उभी राहणार आहे तिथले, काठापासून दोन हात आतले पाणी घ्यायचे, पूर ओसरलेला असताना एकदा आणि उन्हाळ्यात पाणी थांबलेले असताना एकदा. आमचा कामचलाऊ हिशेब असा की आकडा 500 पीपीएमच्या खाली राहिला तर मॅग्नेशियम, 1,000 च्या वर गेला तर ॲल्युमिनियम-जस्त-इंडियम. मधल्या पट्ट्यात मॅग्नेशियम लावून महिन्याने बघावे, की रंगाच्या कडा फुगतात का. तुलनेला समुद्राचा आकडा 35,000 च्या आसपास असतो. ज्या मोटरी कधी इथे तर कधी कोकणात पाठवल्या जातात, त्यांना मॅग्नेशियम नकोच; त्यांना ॲल्युमिनियमचे मिश्रण, दोन्हीकडे चालणारे. कारण खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियम काही आठवड्यांत संपते. त्याहून वाईट म्हणजे ते गरजेपेक्षा जास्त संरक्षण करते : गिअरकेसजवळ अल्कली तयार होते, आणि ॲल्युमिनियमला आम्लाइतकेच अल्कलीचेही वावडे आहे. रंग फुगून निघतो आणि खालचा धातू पांढरा पडतो. नळातले पाणी वाईट म्हणून गिझरच्या दांड्याला दोष देता येत नाही, तसेच हे : चूक धातूची नसते, निवडीची असते.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. शोध-बचावाची बोट वर्षातले बहुतेक दिवस ट्रेलरवर किंवा शेडमध्ये कोरडी असते, आणि कोरड्या जागी अ‍ॅनोडला काहीच काम नसते. तिथे मोटर मरते ती टाकीतल्या शिळ्या पेट्रोलने, सुकून कडक झालेल्या इंपेलरने (थंड करणारे पाणी खेचणाऱ्या रबरी चक्राने) आणि गिअर ऑइलमध्ये शिरलेल्या पाण्याने. अ‍ॅनोडचा प्रश्न खरा कुणाला? ज्यांच्या बोटी दिवसरात्र पाण्यात असतात त्यांना : धरणावरचे बोट क्लब, पिंजऱ्यातले मासे सांभाळणाऱ्या संस्था. सिंहस्थात मात्र बचावाच्या बोटीही घाटाजवळ आठवडेच्या आठवडे पाण्यात उभ्या राहतील, आणि तिसऱ्या स्नानानंतर लगेच गणेश विसर्जन आहे. वर्षानुवर्षे ट्रेलरवर धडधाकट राहिलेल्या मोटरीचे नवल नसते. तिची परीक्षा त्या दोन महिन्यांत होईल.

अ‍ॅनोड कुठे असतात ते मॉडेलप्रमाणे बदलते, पण शोधण्याच्या जागा ठरलेल्या. प्रोपेलरच्या वर जी आडवी पट्टी असते, तिच्या खाली, मागच्या बाजूला लहान सुकाणूसारखा तुकडा असतो. तो ट्रिम टॅब, आणि बहुतेक मोटरींत तोच मुख्य अ‍ॅनोड. बहुतेक म्हटले ते मुद्दाम : काही मोटरींत तो साधा, रंगवलेला ॲल्युमिनियमचा तुकडा असतो आणि अ‍ॅनोड गिअरकेसच्या कुशीत वेगळा बसवलेला असतो. म्हणून मॉडेलच्या पार्ट बुकात बघितल्याशिवाय मागवू नये. दुसरी जागा बोटीच्या मागच्या फळीला धरणाऱ्या क्लँप ब्रॅकेटच्या खालच्या टोकाशी, आडवी पट्टी. तिसरी आत, सिलिंडर ब्लॉकच्या किंवा थर्मोस्टॅटच्या झाकणामागे, थंड करणाऱ्या पाण्याच्या वाटेवर बोटाएवढे तुकडे. बाहेरचे सगळे अ‍ॅनोड एकाच धातूचे असावेत. एक मॅग्नेशियमचा आणि एक जस्ताचा लावला तर मॅग्नेशियम जस्तालाच वाचवत बसते. आतले मात्र कंपनीने दिले त्याच धातूचे ठेवावेत आणि दर वर्षाला किंवा 100 तासांना, जे आधी होईल तेव्हा, झाकण काढून बघावेत. आतल्या अ‍ॅनोडचा बोल्ट अडकला म्हणून ते झाकण ‘पुढच्या वेळी’वर ढकलले जाते, आणि पुढच्या वेळी बोल्टचे डोकेच हातात येते.

बदलण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे, पण त्यात नेमक्या तीन-चार जागी ते वाया जाते. ट्रिम टॅब काढण्याआधी त्याचा कोन पट्टीवर पेन्सिलीने आखून ठेवावा. तो सुकाणूच्या ओढीचा तोल साधत असतो, कोन चुकला की टिलर (मोटर वळवायचा दांडा) एका बाजूला ओढत राहतो आणि गर्दीच्या घाटावर चालवणाऱ्याचा हात भरून येतो. जुना अ‍ॅनोड निघाला की त्याखालची बैठक पॉलिश पेपरने उजळ धातू दिसेपर्यंत घासावी. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये, त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि तिथेच नवे खड्डे पडतात. नव्या अ‍ॅनोडच्या पाठीचाही उजळ धातू बैठकीला टेकायला हवा. दोघांमध्ये ग्रीस नको, सिलिकॉन नको, रंग तर नकोच. बोल्टच्या आट्यांना मात्र मरीन ग्रीसचा पातळ हात द्यावा, नाहीतर स्टेनलेसचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांत कायमचा धरतो. तांबे मिसळलेले अँटी-सीझ तिथे लावू नये, तांबे ॲल्युमिनियमचे जुने वैरी आहे. डोक्याखाली दातेरी वॉशर ठेवावा. घट्ट करताना मॅन्युअलमधला टॉर्क पाळावा. 6 मिमीचा बोल्ट हौसेने आवळला की आटे जातात, आणि मग अ‍ॅनोड लटकतो पण टेकत नाही.

टेकतो की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, मल्टिमीटरने कळते. ओहमच्या जागी ठेवून आधी दोन्ही टोके एकमेकांना टेकवावीत आणि जो आकडा येईल तो लक्षात ठेवावा, तो तारांचा. मग एक टोक अ‍ॅनोडवर, खरवडलेल्या जागी दाबून, आणि दुसरे गिअरकेसच्या ड्रेन स्क्रूवर किंवा शाफ्टच्या उघड्या टोकावर. तारांचा आकडा वजा केल्यावर 1 ओहमच्या खाली यायला हवे. नव्या बसवणीत ते जवळजवळ शून्य असते. प्रोपेलरच्या पात्यावर मोजू नये, कारण मधल्या रबरी हबमुळे तो शाफ्टपासून वेगळा असू शकतो आणि माणूस उगीच घाबरतो. ब्रॅकेट आणि वरचा भाग यांच्यामध्ये विणलेल्या तारेचे छोटे जोड असतात. त्यांतला एक तुटला की ब्रॅकेटचा अ‍ॅनोड गिअरकेसशी बोलायचा थांबतो, म्हणून तेही त्याच मीटरने बघावेत. ज्यांना खोलात जायचे आहे त्यांनी तांबे-मोरचुदाचा संदर्भ सेल वापरावा. जमिनीखालच्या गॅसवाहिन्या आणि पाण्याच्या पोलादी वाहिन्या सांभाळणाऱ्यांकडे तो असतो. त्या सेलवर ॲल्युमिनियम उणे 0.95 ते उणे 1.20 व्होल्टच्या दरम्यान दिसले पाहिजे, उणे 1.20 च्या पलीकडे गेले की संरक्षण जास्त झाले, मॅग्नेशियम कमी करावे. सिल्व्हर क्लोराइडचा सेल समुद्रासाठी उत्तम, पण गोड्या पाण्यात त्याचा आकडा क्लोराइडप्रमाणे सरकतो, म्हणून इथे तो नको.

अ‍ॅनोडची तब्येत वाचायची एकच युक्ती उपयोगी आहे, आणि ती उलटी वाटते. खडबडीत, खड्डे पडलेला, राखाडी-पांढरा, सगळीकडून सारखा झिजलेला अ‍ॅनोड म्हणजे काम चालू आहे. पाण्यात महिने काढूनही तसाच गुळगुळीत राहिलेला म्हणजे बिघाड : एक तर तो टेकलेला नाही, नाहीतर कुणीतरी मोटर चकचकीत करताना त्यावरून रंगाचा हात फिरवला आहे, नाहीतर धातू चुकीचा आहे. काही आठवड्यांतच निम्मा झाला तर कुठून तरी परका विद्युतप्रवाह येतो आहे, किंवा गिअरकेसचा रंग गेल्यामुळे त्याच्यावर भलताच भार आहे. अर्धा झिजला की बदलायचा. अर्धा म्हणजे किती, हे डोळ्यांवर सोडू नये : नवा असताना किराणा दुकानातल्या वजनकाट्यावर तोलून वजन रजिस्टरमध्ये लिहावे, मग वाद उरत नाही.

भाराचा हिशेब एकदा करून बघण्यासारखा आहे. मॅग्नेशियम प्रत्यक्षात किलोमागे साधारण 1,100 अँपिअर-तास देते, म्हणजे 100 ग्रॅमच्या तुकड्यातून 110. समजा रंग शाबूत असलेली मोटर सतत 20 मिलिअँपिअर घेते. 110 ला 0.02 ने भागले तर 5,500 तास, सुमारे 229 दिवस. अर्ध्यावर बदलायचा म्हणून 114 दिवस धरा. आता तीच मोटर घाटाच्या दगडी पायऱ्यांवर तीन-चार वेळा घासली आणि गिअरकेसचे नाक, खालचे पाते उघडे पडले. उघड्या धातूमुळे मागणी तिप्पट, 60 मिलिअँपिअर झाली, तर अर्धा अ‍ॅनोड 38 दिवसांत संपतो. पहिल्या अमृतस्नानापासून तिसऱ्यापर्यंत 40 दिवस आहेत. म्हणजे बोट ऑगस्टमध्ये पाण्यात सोडून ‘मेळा उरकला की बघू’ म्हटले, तर हिशेब तिसऱ्या स्नानाच्या आतच चुकतो. आकडे गृहीत धरलेले आहेत, प्रत्येक मोटरचा प्रवाह वेगळा असतो. पण रंग किती महत्त्वाचा आहे हे त्यातून कळते. खरचटलेली जागा घासून, ॲल्युमिनियमसाठीचा इपॉक्सी प्रायमर देऊन वर कंपनीचा रंग द्यावा. गॅरेजमध्ये हाताशी असतो तो रेड ऑक्साइड लोखंडासाठी आहे, इथे तो धरत नाही.

घाटावर आणखी एक सवय नडते. पायऱ्या लागू नयेत म्हणून मोटर अर्धवट उचलून ठेवतात : खालचे पाते आणि नाक पाण्यात, ट्रिम टॅब पाण्याच्या वर. ही सगळ्यांत वाईट स्थिती. जो भाग झिजू शकतो तो भिजलेला आणि जो वाचवणार तो कोरडा. उभी करायची तर मोटर पूर्ण वर किंवा पूर्ण खाली, मधले काही नको. पाण्याची खोली पुरत नसेल तर उभी करण्याची जागा बदलावी; तरंगता जेट्टी-ठोकळा चार हात आत ढकलणे मोटर बदलण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

पाणवेली, निर्माल्याचे हार आणि नायलॉनचा दोरा यांचा अ‍ॅनोडशी थेट संबंध नाही, पण ते त्याच जागी घात करतात. प्रोपेलरच्या मागे शाफ्टला गुंडाळलेला बारीक दोरा सील कापतो, पाणी गिअर ऑइलमध्ये जाते, आणि ऑइल दुधाळ होते. म्हणून ज्या दिवशी अ‍ॅनोड बघाल त्याच दिवशी प्रोपेलर काढून शाफ्ट साफ करा, ड्रेन स्क्रू किंचित सैल करून थेंबभर ऑइलचा रंग बघा, आणि स्क्रूचे वॉशर नवे टाका. फुलांच्या हारातला दोरा सडेल म्हणून सोडून देतात. हल्ली हारांत पॉलिएस्टर असते, ते सडत नाही.

परक्या प्रवाहाबद्दल स्वतंत्रपणे लिहावे लागते, कारण सिंहस्थात घाटावर तारांचे जाळे असणार. हाताने दोरी ओढून सुरू होणाऱ्या 40 अश्वशक्तीच्या साध्या ओबीएमला बॅटरी नसते, तिला हा धोका कमी. पण सेल्फ-स्टार्ट मोटर, तळातले पाणी उपसणारा बिल्ज पंप, सर्चलाइट आणि ध्वनिक्षेपक असलेल्या बोटीत एका सोललेल्या तारेतून गळणारा डीसी प्रवाह, अ‍ॅनोडला झिजायला महिने लागतील तेवढे नुकसान काही दिवसांत करतो. त्याच्यापुढे मॅग्नेशियमही टिकत नाही. बोट उभी असताना बॅटरीचा मेन स्विच बंद असावा. तपासणी सोपी : सगळी उपकरणे बंद करून स्विचही बंद करावा, बॅटरीच्या एका टोकाची केबल काढून त्या जागी मल्टिमीटर अँपिअरच्या जागी लावावा, काही मिलिअँपिअरसुद्धा दिसले तर ते कुठे जातात ते शोधावे. चार्जर काठावरच्या पॉइंटवरून लावायचा असेल तर बॅटरी काढून काठावर आणून चार्ज करणे सगळ्यांत बरे. बोट पाण्यात आणि चार्जरचे अर्थिंग काठावरच्या लोखंडी कठड्याला, असा जोड जमला की तो कठडा, जेट्टी आणि आपली मोटर एकाच सेलचे भाग होतात. त्याच कारणाने ॲल्युमिनियमची बोट लोखंडी साखळीने बांधू नये, नायलॉनचा दोर वापरावा. ॲल्युमिनियमच्या बोटीच्या तळालाही स्वतःचे अ‍ॅनोड लागतात, नाहीतर मोटरचा इवलासा तुकडा सगळ्या तळाला पुरवायला जातो. रबरी आणि फायबरच्या बोटींना ही भानगड नाही.

बाहेरून येणाऱ्या बोटींकडे येताच लक्ष द्यावे. गरज पडली तर पुण्याहून एनडीआरएफ, धुळ्याहून एसडीआरएफ येते. भाड्याच्या बोटी कोकणातून येऊ शकतात. खाडीत चाललेली मोटर इथे पाण्यात सोडण्याआधी तिच्या पाणी घेण्याच्या जाळीला रबरी मफ लावून, नळाच्या पाण्यावर, न्यूट्रलमध्ये, मंद वेगात किमान 10 मिनिटे चालवावी. थर्मोस्टॅट उघडून ब्लॉकमधला खार निघायला तेवढा वेळ लागतो. दोन मिनिटांत फक्त खालचा पाइप धुतला जातो. पाणी बंद असताना मोटर सुरू करू नये, इंपेलर पाहता पाहता जळतो. त्यानंतर ती मोटर महिनोन्‌महिने इथे राहणार असेल तरच अ‍ॅनोड मॅग्नेशियमचे करावेत, आणि ती परत जाताना जुना संच पिशवीत, नाव घालून, तिच्यासोबत परत द्यावा. इथून मॅग्नेशियम लावून गेलेली मोटर खाडीत पडली तर दोष आपल्याकडे येतो, आणि तो रास्त असतो.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून काहीही बनवून मिळते याचा नाशिककरांना अभिमान आहे, आणि तो खरा आहे. पण ॲल्युमिनियमच्या भंगारातून किंवा साध्या रॉडमधून ट्रिम टॅब कातून घेऊ नका. साध्या ॲल्युमिनियमवर लगेच ऑक्साइडचा पडदा बसतो आणि ते झिजायला नकार देते. अ‍ॅनोडच्या मिश्रणात सुमारे 5 टक्के जस्त आणि शंभरात दोन-शतांश भाग इंडियम असते, ते इंडियम तो पडदा धरू देत नाही. जस्तातही लोखंड 0.005 टक्क्यांहून जास्त चालत नाही; नळाच्या गॅल्व्हनायझिंगचे जस्त वितळवून केलेला ठोकळा दिसायला तसाच, कामाला शून्य. विकत घेताना मिश्रधातूचे प्रमाणपत्र मागावे आणि शक्य असेल तर कंपनीचाच पार्ट नंबर घ्यावा.

निविदेत घालण्यासाठी मजकूर सोबत देत आहोत, हवा तसा बदलावा :

‘मोटरचे बाहेरील सर्व संरक्षक अ‍ॅनोड मॅग्नेशियम मिश्रधातूचे असावेत, जी मोटर खाऱ्या पाण्यातही किंवा 1,000 पीपीएमहून जास्त टीडीएसच्या पाण्यात वापरायची आहे तिचे ॲल्युमिनियम-जस्त-इंडियम मिश्रधातूचे असावेत. बाहेरील जस्ताचे अ‍ॅनोड स्वीकारले जाणार नाहीत. मिश्रधातूचे प्रमाणपत्र सोबत द्यावे. प्रत्येक मोटरसोबत बाहेरील अ‍ॅनोडचे दोन जादा संच व आतील अ‍ॅनोडचा एक संच, बोल्ट व वॉशरसह, पार्ट नंबर लिहून पुरवावेत. अ‍ॅनोडवर रंग नसावा. पुरवठ्याच्या वेळी प्रत्येक बाहेरील अ‍ॅनोड व प्रोपेलर शाफ्ट यांमधील रोध 1 ओहमपेक्षा कमी असल्याचे मोजून दाखवावे. वार्षिक देखभाल करारात अ‍ॅनोडची तपासणी, वजन व बदल यांचा समावेश असावा.’

जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून घेताना हा मजकूर खरेदीदाराच्या जादा अटींमध्ये जातो. आधीच घेतलेल्या मोटरींसाठी फक्त जादा संच मागवावे लागतील, आणि घाई तिथेच आहे. जस्ताचे आणि ॲल्युमिनियमचे संच विक्रेत्याकडे बऱ्याचदा तयार असतात. मॅग्नेशियमचे मागवावे लागतात. मागवताना ‘40 अश्वशक्तीची मोटर’ एवढे पुरत नाही. क्लँप ब्रॅकेटवर एका बाजूला चिकटवलेल्या किंवा रिव्हेट केलेल्या पट्टीवर मॉडेल आणि अनुक्रमांक असतो, त्याचा फोटो पाठवावा. पट्टी वाचता येत नसेल तर ट्रिम टॅबच्या बोल्टचे माप आणि त्याच्या डोक्यापासून कडेपर्यंतचे अंतर मोजून, जुन्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो द्यावा.

रजिस्टरचे पान एवढेच : मोटरचा अनुक्रमांक, बोट उभी राहण्याच्या जागेचा टीडीएस, कोणत्या धातूचा अ‍ॅनोड कोणत्या तारखेला लावला, नवे वजन, मीटरचा आकडा, आणि पाण्यात असताना दर 15 दिवसांनी काढलेला एक फोटो. जुलै 2027 च्या अखेरीस सगळ्या मोटरींना नवे संच लावावेत आणि 31 ऑगस्टच्या स्नानानंतर, घाट थोडा मोकळा असेल तेव्हा, पुन्हा तोलून बघावेत.

कळावे,
ओबीएम दुरुस्ती आणि धातूंच्या गंजरोधनाचे काम करणारे काही जण,
नाशिक

ता. क. अग्निशमन विभागाला हे सांगणे म्हणजे आजोबांना चालायला शिकवणे, तरी बोट क्लबांसाठी लिहितो : मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड ग्राइंडरवर घासू नये. अखंड तुकडा सहजी पेटत नाही, पण त्याचा कीस आणि बारीक भुगा पेटतो, आणि पेटलेल्यावर पाणी मारले तर आग वाढते. हाताने पॉलिश पेपर वापरावा, भुगा पेट्रोलच्या कॅनपासून लांब गोळा करावा, आणि शेडमध्ये कोरड्या वाळूची एक बादली ठेवावी.